परसातील पाखरे आणि वर्गाची वही

(इचलकरंजी परिसरातील प्राथमिक शिक्षकांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



माघ सरत येतो आणि पंचगंगेच्या काठावरील गावांत पहाटेचा गारवा हळूहळू ओसरू लागतो. उसाने भरलेल्या गाड्या कारखान्यांच्या वाटेला लागलेल्या असतात, इचलकरंजीच्या यंत्रमागांचा खडखडाट अहोरात्र चालू असतो, आणि शाळाशाळांतून वर्षअखेरीच्या कामांची घाई सुरू होते. नेमक्या याच दिवसांत शाळेच्या कुंपणावर, शिक्षकाच्या परसात आणि गावातील कडुनिंबांवर एक मोठा फेरबदल चाललेला असतो. तो बिनबोभाट चालतो, म्हणून तो फारसा कोणाच्या ध्यानी येत नाही. जुनी पाने गळतात, नवी पालवी फुटते, काही पाखरे दूरदेशी निघण्याच्या तयारीला लागतात आणि काही येथेच संसार थाटू लागतात. हा फेरबदल मुलांना कसा दाखवावा, आणि तो दाखविताना शिक्षकाने स्वतः काय शिकावे, एवढाच या भाषणाचा विषय आहे.

प्रारंभी एक लहानसा प्रसंग सांगणे उचित होईल. पंचगंगेकाठच्या एका गावातील शाळा. फाल्गुन महिना, सकाळची शाळा. वीस वर्षे नोकरी झालेल्या एका गुरुजींनी चौथीच्या वर्गाला ‘वसंत ऋतू’ या विषयावर दहा ओळी लिहावयास सांगितल्या आणि नमुन्यादाखल फळ्यावर एक वाक्य लिहिले : ‘आंब्याच्या झाडावर बसून कोकिळा मधुर गाते.’ सर्व मुलांनी ते जसेच्या तसे उतरवून घेतले. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या एका कामगाराच्या मुलीने मात्र लिहिले, ‘गाणारे पाखरू काळे होते. त्याच्याजवळ ठिपक्याठिपक्यांचे दुसरे पाखरू होते. ते गप्प होते.’ गुरुजींनी विचारले, ‘अगं, कोकिळेचं कुठं लिहिलंस?’ ती म्हणाली, ‘गुरुजी, मी आमच्या परड्यात बघितलंय. गाणारं काळं हुतं.’ गुरुजींनी तांबड्या शाईने त्या ओळीवर रेघ ओढली आणि वर फळ्यावरचे वाक्य लिहिले. मुलगी खाली मान घालून जागेवर जाऊन बसली.

गुरुजी वाईट शिक्षक नव्हते. त्यांनी स्वतः लहानपणी हेच वाक्य लिहिले होते, त्यांच्या गुरुजींनीही तेच लिहिले असावे. परंतु खरी गोष्ट त्या मुलीच्या वहीत होती. कुहूकुहू अशी चढत्या स्वराची साद घालतो तो नर, म्हणजे कोकिळ. त्याचा रंग चकचकीत काळा असतो, डोळे लालभडक असतात आणि चोच फिकट हिरवट असते. कोकिळा ही मादी. ती तपकिरी रंगाची असून तिच्या अंगावर पांढरे ठिपके आणि पट्टे असतात. तिला आवाज आहे, पण तो किक्-किक्-किक् असा तीक्ष्ण असतो, त्यास कोणी मधुर गायन म्हणणार नाही. हे पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी प्रथम शोधून काढले असेही नव्हे. कालिदासाने ‘कुमारसंभवा’च्या तिसऱ्या सर्गात वसंताचे वर्णन करताना आंब्याच्या मोहराने ज्याचा कंठ सरस झाला आहे अशा पक्ष्याला कूजन करावयास लावले आहे, आणि त्यासाठी ‘पुंस्कोकिल’ असा शब्द योजिला आहे. पुंस्कोकिल म्हणजे नर कोकिळ. कवीने डोळे उघडे ठेवून पाहिले होते. पुढे निबंधाच्या वह्यांतून एकाचे पाहून दुसऱ्याने लिहिण्याची रीत पडली आणि गाणाऱ्याच्या जागी न गाणारी येऊन बसली.

या प्रसंगात एका ओळीचे गुण गेले, हे मोठे नुकसान नव्हे. मोठे नुकसान हे की, आपल्या डोळ्यांनी पाहिलेले खोटे आणि फळ्यावर लिहिलेले खरे, असा धडा त्या मुलीला त्या दिवशी मिळाला. परिसर अभ्यासाचे सारे पाठ नीट शिकविले आणि हा एक धडा चुकून देऊन ठेवला, तर त्या पाठांचे बळ उरत नाही.

याच्या उलट एक उदाहरण सर्वश्रुत आहे. 1896 साली जन्मलेल्या सालिम अली यांनी मुंबईत बालवयात छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही नेहमीची चिमणी नव्हे, असे वाटून तो मुलगा ती घेऊन ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ या 1883 साली स्थापन झालेल्या संस्थेत गेला. संस्थेचे सचिव मिलार्ड यांनी त्या मुलाला हसून परत पाठविले नाही. त्यांनी तो पक्षी पीतकंठी चिमणी असल्याचे ओळखून सांगितले, कपाटे उघडून संस्थेच्या संग्रहातील पक्षी दाखविले आणि वाचावयास पुस्तके दिली. पुढे तोच मुलगा भारतीय पक्षिशास्त्राचा आधारस्तंभ झाला. प्रत्येक जिज्ञासू मूल सालिम अली होईल असे नाही. परंतु मिलार्ड होणे प्रत्येक शिक्षकाच्या हाती आहे. त्यासाठी सर्व पक्ष्यांची नावे ठाऊक असण्याची आवश्यकता नाही. ‘पुन्हा पाहू या’ एवढे म्हणण्याची तयारी पुरे आहे.

आता या दिवसांत परसात काय पाहावे, याचा विचार करू.

इचलकरंजी हे कारागिरांचे गाव आहे. 1904 साली विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग आणला, आणि आज कबनूर, चंदूर, कोरोची, तारदाळ या आसपासच्या गावांतील मुलांनाही धोटा, कांडी आणि बीम हे शब्द पाटी-पेन्सिलीइतकेच परिचित आहेत. मराठी माणसाने पाखरांनाही कारागिरांचीच नावे दिली आहेत. शिंपी, तांबट, सुतार, धोबी ही नावे मुलांना सांगताच त्यांचे कुतूहल जागे होते. नाव का पडले असावे, हा पहिला प्रश्न. नाव खरे आहे का, हा दुसरा आणि अधिक महत्त्वाचा प्रश्न.

तांबटापासून प्रारंभ करावा, कारण तो दिसण्याआधी ऐकू येतो. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा टुक्-टुक्-टुक् असा त्याचा एकसुरी आवाज उन्हे तापू लागली की दिवसभर चालतो. पक्षी चिमणीहून थोडा मोठा, अंगाने हिरवा, कपाळावर आणि छातीवर तांबडा, गळ्याशी पिवळा. आवाज काढताना त्याची चोच मिटलेली असते, गळा फुगतो, आणि मान इकडून तिकडे वळल्यामुळे आवाज कोठून येतो ते कळत नाही. मुलांना डोळे मिटून ऐकावयास सांगावे आणि आवाजाच्या दिशेला बोट दाखवावयास सांगावे. दहा बोटे दहा दिशांना जातील. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या गावी कान तयार करण्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. तांबट शेवगा, पांगारा, सावर यांसारख्या मऊ लाकडाच्या वाळक्या फांदीत गोल भोक पाडून घरटे करतो. म्हणून शाळेच्या आवारातील वाळकी फांदी मुलांच्या डोक्यावर पडण्याजोगी नसेल, तर ती तोडण्याची घाई करू नये.

शेवगा फुलला की त्यावर शिंजीर येतो. अंगठ्याएवढे हे पाखरू लांब बाकदार चोचीने फुलातील मध टिपते. जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या हंगामाबाहेर मादीसारखाच मळकट असतो, केवळ गळ्यापासून पोटापर्यंत एक काळपट पट्टा दिसतो. उन्हाळा जवळ आला की तो हळूहळू काळ्या-जांभळ्या तेजस्वी पिसांनी झळकू लागतो. एकच पाखरू काही आठवड्यांत कसे पालटते, हे नित्य पाहणाऱ्या मुलांनाच दिसेल. क्वचित पाहणाऱ्यास ती दोन वेगळी पाखरे वाटतील. त्याचे घरटे म्हणजे कोळ्याच्या जाळ्याने बांधलेली, सालीच्या तुकड्यांनी झाकलेली लोंबती पिशवी असते, आणि ती मुख्यतः मादी बांधते.

शिंपी हे पाखरू रुंद पानांच्या कडांना चोचीने भोके पाडून त्यांतून तंतू ओवते आणि पानांचा द्रोण शिवते. कोळ्याचे जाळे, कापूस, सुताचा धागा, जे मिळेल ते त्यास चालते. यंत्रमागाच्या गावात त्याला कोणता धागा सापडतो, हे शोधण्याजोगे आहे. गळून पडलेले जुने घरटे मिळाल्यास त्यातील धागे मुलांनी मोजावेत. सुगरणीचे विणकाम मात्र पावसाळ्यात चालते. या दिवसांत विहिरीवरील बाभळीला तिची जुनी घरटी लोंबताना दिसतात. येथेही मुलांना नावाची परीक्षा घेता येईल. सुगरण हा शब्द स्त्रीलिंगी आहे, परंतु घरटे विणतो तो नर. मादी येऊन विणकाम पाहते आणि पसंत पडले तरच तेथे राहते. कोकिळेच्या बाबतीत जी चूक झाली तीच येथे होण्याचा संभव आहे, म्हणून नावावर विसंबू नये, पाहून लिहावे.

काही पाखरांच्या बाबतीत ती दिसेनाशी होणे हीच मोठी बातमी असते. धोबी पक्षी हिवाळ्यात ओलसर शेतांत आणि नदीकाठी शेपटी वरखाली हालवीत फिरतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी तो उत्तरेकडे निघून जातो. भोरड्या मध्य आशियातून पावसाळ्यानंतर येतात, ज्वारीच्या शेतांवर उतरतात, पळस-पांगाऱ्याच्या फुलांवर गर्दी करतात आणि एप्रिलपर्यंत परततात. पाखरू प्रथम कधी दिसले हे त्याच दिवशी कळते. शेवटचे कधी दिसले हे मात्र, जो पुढेही नित्य लिहीत राहतो त्यालाच मागाहून कळते. सातत्याने नोंद का करावी, हे मुलांना समजावून देण्यास याहून सोपे उदाहरण सापडणार नाही.

झाडांकडे पाहताना पंचांगाचीही अशीच परीक्षा घ्यावी. पंचांगाप्रमाणे माघ-फाल्गुन हा शिशिर आणि चैत्र-वैशाख हा वसंत. परंतु आंब्याला मोहर त्याआधीच आलेला असतो. पांगारा आणि काटेसावर अंगावर पान नसताना लाल फुलांनी भरतात. पिंपळाची पाने गळतात न गळतात तोच तांबूस पालवी लकाकू लागते. कडुनिंब पाडव्याला मोहर देणार म्हणून ओळखला जातो, पण शाळेतील कडुनिंबाने तो कोणत्या तारखेस दिला, हे किती शाळा सांगू शकतील? शिशिरात सर्वच झाडे उघडी होतात असे पुस्तकी ज्ञान घेऊन आवारात गेलेल्या मुलाला आंबा हिरवागार दिसला, तर त्याने आंब्याला चूक म्हणू नये. आपली समजूत दुरुस्त करावी.

आता कामाची रीत. ती सोपी असावी, अन्यथा ती टिकणार नाही. प्रत्येक वर्गाने आवारातील किंवा रस्त्यावरील एक झाड निवडावे. आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, परिपाठाआधी दोन मुलांनी त्या झाडापाशी जावे आणि जुनी पाने, कोवळी पालवी, कळ्या, फुले, फळे यांपैकी प्रत्येक गोष्ट ‘नाही’, ‘थोडी’ की ‘पुष्कळ’ आहे, एवढेच लिहावे. ‘सीझनवॉच’ या उपक्रमात देशातील अनेक शाळांची मुले दहा वर्षांहून अधिक काळ अशाच पद्धतीने झाडे पाहत आली आहेत. पाखरांसाठी पंधरा मिनिटे पुरेत. एका जागी शांत बसावे, दिसलेले पाखरू आणि त्याची संख्या लिहावी. 1998 साली अमेरिकेत सुरू झालेली आणि 2013 पासून भारतातही होणारी परसातील पक्ष्यांची गणना दर वर्षी फेब्रुवारीत चार दिवस चालते, आणि तिचा नियमही एवढाच आहे : निदान पंधरा मिनिटे पाहावे आणि प्रामाणिकपणे मोजावे.

वहीतील नोंद पुढीलप्रमाणे असावी : ‘14 फेब्रुवारी, सकाळी 7.30, शाळेचा कडुनिंब. पिवळी पाने पुष्कळ, पालवी नाही. तांबट ऐकला, दिसला नाही.’ या नोंदीत अलंकार नाहीत, पण प्रत्येक शब्दाला आधार आहे. ‘ऐकला’ आणि ‘दिसला’ यांतील फरक तिने राखला आहे, आणि ‘नाही’ हेही लिहिले आहे. नाव ठाऊक नसेल तेथे वर्णन लिहावे. इचलकरंजी परिसरातील वर्गांत सीमेपलीकडची कन्नड बोलणारी मुले असतात, तशीच उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्या कामगारांचीही असतात. चिमणीला एकाच्या घरी गुब्बी म्हणतात, दुसऱ्याच्या घरी गौरैया म्हणतात. ही सारी नावे वहीत यावीत. मराठी लिहिताना अडखळणारे मूल पाखरे ओळखण्यात सर्वांच्या पुढे निघाले, तर त्याला वर्गात मान मिळेल. हा लाभ लहान नव्हे.

अशा किरकोळ नोंदींचा उपयोग काय, अशी शंका काहींच्या मनात येईल. 2020 साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ हा अहवाल प्रसिद्ध झाला. तो हजारो सामान्य निरीक्षकांनी केलेल्या 1 कोटीहून अधिक नोंदींवर आधारलेला होता. चिमण्या सर्वत्र नाहीशा होत आहेत, असा सार्वत्रिक समज होता. मोठ्या शहरांत त्या घटल्या असल्या, तरी देशभराचा विचार करता त्यांची संख्या बऱ्याच अंशी स्थिर आहे, असे त्या अहवालात आढळले. पण आपल्या गावात काय स्थिती आहे? याचे उत्तर दिल्ली-मुंबईच्या अहवालात मिळणार नाही, ते गावच्या शाळेच्या वहीतच मिळू शकेल. जपानमधील क्योतो येथे चेरीच्या बहराच्या तारखा सुमारे 1200 वर्षांपासून जुन्या रोजनिशांत आणि बखरींत सापडतात. 2021 साली तेथे 26 मार्चला पूर्ण बहर आला. तो तोवरच्या साऱ्या काळातील सर्वांत लवकर आलेला बहर ठरला. हवामान पालटत असल्याचा तो एक पुरावा मानला जातो. ज्यांनी पहिल्या तारखा लिहिल्या त्यांना हे ठाऊक असणे शक्य नव्हते. त्यांनी एवढेच केले, की जे पाहिले ते तारखेसह लिहून ठेवले.

दुसरी अडचण वेळेची सांगितली जाते. शिक्षकांवर कामाचा भार आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. परंतु हा नवा विषय नव्हे, नवे प्रपत्रही नव्हे. या वहीतून गणिताला मोजणी आणि स्तंभालेख मिळतात, भाषेला वर्णन मिळते आणि परिसर अभ्यासाला प्रत्यक्ष अनुभव मिळतो. तिला गुण देऊ नयेत आणि तिची स्पर्धाही लावू नये. स्पर्धा लागली की न पाहिलेली पाखरे वहीत येऊन बसतात.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. घरट्याला हात लावू नये, फांदी वाकवून पिले दाखवू नयेत. दुरूनच पाहावे. मुलांच्या खिशातील बेचकी त्यांना न रागावता बाहेर काढून घ्यावी आणि तिच्या जागी वहीचे काम द्यावे. पिंजऱ्यात पोपट पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे, हे पालकसभेत समजावून सांगावे. उन्हे तापू लागताच पसरट मातीच्या भांड्यात दोन बोटे पाणी ठेवावे, ते रोज बदलावे, आणि भांडे मांजरांना दबा धरता येणार नाही अशा मोकळ्या जागी असावे. सुताचे लांब धागे आवारात पडू देऊ नयेत. ते पाखरांच्या पायांत गुंततात.

शेवटी त्या गुरुजींविषयी. निबंध तपासल्यावर आठ-दहा दिवसांनी एके सकाळी शाळा उघडण्याआधी ते पायरीवर बसले होते. समोरच्या कडुनिंबावर साद उमटली. त्यांनी मान वर केली. काळे पाखरू, फुगलेला गळा, उघडी चोच. खालच्या फांदीवर ठिपक्यांचे दुसरे पाखरू, निश्चल. गुरुजींनी केंद्रशाळेतून पक्ष्यांचे पुस्तक मागवून खात्री करून घेतली. मग त्यांनी त्या मुलीची वही मागितली, वर्गासमोर स्वतःची तांबडी रेघ खोडली आणि म्हणाले, ‘बाळ, तुझं बरोबर होतं. चूक माझी होती.’ मुलगी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र वर्गातील सात-आठ मुले शाळा भरण्याआधीच कडुनिंबाखाली येऊन उभी राहिली होती, आणि प्रत्येकाला गुरुजींना काही ना काही सांगावयाचे होते.

त्या वर्गाची वही त्या दिवशी सुरू झाली. इतर शाळांनी अशा चुकीची वाट पाहण्याचे कारण नाही. पालवी फुटू लागली आहे, तांबटाचा आवाज घुमू लागला आहे. चाळीस पानी वही, एक पेन्सिल आणि आवारातील एक झाड एवढे साहित्य प्रत्येक शाळेत आहे. येत्या सोमवारी पहिली नोंद व्हावी.